मेलेल्या बिबट्याच्या यकृतात शिसे किती, हेही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या यावल किंवा अनेर डॅम अभयारण्याच्या आसपास बिबट्या वा नीलगाय मेलेली सापडली, की बातमीचा शेवट ठरलेला असतो : ‘व्हिसेरा (शवातून काढलेले आतले अवयव) तपासणीसाठी पाठवला आहे.’ सोबतच्या मागणीपत्रात नुसते ‘विषबाधेचा संशय’ लिहिले, तर प्रयोगशाळा आधी कीटकनाशके पाहणार आणि ती नाही निघाली तर अहवाल कोरा येणार. शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक यांची नावे घालून विचारल्याखेरीज ते मोजले जातीलच असे नाही. जड धातू एका रात्रीत क्वचितच मारतात. ते साठत जातात, मूत्रपिंड आणि मज्जासंस्था पोखरतात. असे सुस्त, अडखळणारे जनावर विहिरीत पडते किंवा रस्त्यावर गाडीखाली येते आणि पंचनाम्यात ‘अपघात’ एवढीच नोंद होते.

यावल अभयारण्य 1969 मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे 178 चौरस किलोमीटर. पालचा डोंगर उतरला की लगेच रावेर-यावलचा केळीपट्टा लागतो. रानडुक्कर आणि नीलगाय हद्दीचे खांब मोजून चरत नाहीत. डुक्कर मुसंडीने जमीन उकरून कंद आणि गांडुळे खाते, त्याबरोबर बरीच मातीही गिळते. स्फुरदयुक्त खतांत कॅडमियम असते. किती, ते खनिज फॉस्फेट कुठल्या खाणीतले यावर ठरते. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसे 100 आणि पारा 0.15 अशी मर्यादा आहे, पण स्वस्तात ट्रॉलीभर मिळणाऱ्या ‘खता’ची ही चाचणी कोण मागतो? कॅडमियम एकदा मूत्रपिंडात बसले की माणसातही ते निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. रानडुकराचे सगळे आयुष्यही तेवढे नसते.

हतनूरचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते जास्त तातडीचा आहे. तापी-पूर्णेच्या या जलाशयावर हिवाळ्यात थापट्या, लालसरी, चक्रवाक हजारोंनी उतरतात. मासेमारीच्या फेकजाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. दोर झिजला की त्या गाळात पडतात आणि तिथेच राहतात, कारण शिसे कुजत नाही. दाणे दळण्यासाठी खडे टिपणारी बदके त्या गोळ्या खडा समजून गिळतात. पेषणीत, म्हणजे पक्ष्याच्या दाणे दळणाऱ्या जठरात, त्या घासल्या जातात, आम्लात विरघळतात आणि शिसे रक्तात उतरते. पक्षी छपरासारखे पंख पाडून बसतो, विष्ठा हिरवी होते, छातीचे हाड वर येते. असा पक्षी शिकारी पक्ष्याच्या तावडीत सहज सापडतो आणि विष एक पायरी वर चढते. कॅलिफोर्नियात गिधाडांसारखे काँडोर शिशाच्या गोळ्यांनी मारलेल्या शिकारीचे अवशेष खाऊन मरू लागले. शेवटी 1 जुलै 2019 पासून तिथे शिकारीत शिशाचा दारूगोळा वापरायला पूर्ण बंदी आली. आपल्याकडे निदान जाळ्याच्या दोरीला लोखंडी साखळी लावता येईल. वजन तेच ठेवायचे तर ती थोडी जाड लागेल, कारण लोखंड शिशापेक्षा हलके, गंजेलही. हा खर्च भोई बांधवांवर न टाकता मत्स्यव्यवसाय विभागाने उचलावा.

आता नमुन्याविषयी, कारण खरी गोची तिथेच आहे. व्हिसेरा संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवतात. साध्या मिठात स्वतःचे धातू असतात आणि अवयवातलेही काही पाण्यात झिरपतात. फॉर्मालिनचीही तीच गत. म्हणून शवविच्छेदनाच्या वेळी यकृत आणि मूत्रपिंडाचे 30 ते 50 ग्रॅमचे तुकडे काहीही न मिसळता स्वच्छ पॉलिथिनच्या पिशवीत वेगळे घ्यावेत आणि उणे 20 अंशाला गोठवावेत. स्टीलच्या सुरीने क्रोमियम आणि निकेल लागते, तेव्हा बाहेरचा थर सिरॅमिक पात्याने काढून आतला भाग घ्यावा. बाटली वापरायची तर आधी 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्याने धुतलेली असावी. आणि एक रिकामी, तशीच हाताळलेली पिशवी सोबत जावी. तिच्यातही शिसे निघाले तर दोष जनावराचा नव्हे, आपल्या हातांचा. पारा पाहायचा असेल तर नमुना भट्टीत तापवून वाळवू नये, पारा उडून जातो.

माती परीक्षण केंद्रांतल्या ज्वालेच्या एएएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर जस्त, लोह, तांबे छान मोजता येते. अवयवातले अल्प शिसे आणि कॅडमियम त्यावर निसटते. त्यासाठी ग्रॅफाइट भट्टीचे एएएस किंवा आयसीपी-एमएस हे जास्त सूक्ष्म मोजणारे यंत्र लागते. अहवाल वाचताना आकडा ओल्या वजनावरचा की कोरड्या, हे आधी पाहावे. यकृतात सुमारे 70 टक्के पाणी असल्याने तोच नमुना कोरड्यावर तिपटीहून जास्त दिसतो. पाणबदकाच्या यकृतात ओल्या वजनावर 2 पीपीएमच्या (किलोमागे मिलिग्रॅम) आत शिसे असेल तर ते सर्वसाधारण मानतात, 6 च्या वर विषबाधा. गाईगुरांत 10 च्या वर गेले की निदान पक्के समजतात. बिबट्याला बदकाचा आकडा लावू नये.

खानदेशची काळी माती बेसाल्टची. तिच्यात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर. तेव्हा नीलगायीच्या शेणात तांबे जास्त निघाले म्हणून केळीवरच्या ताम्रयुक्त बुरशीनाशकाला किंवा दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेला लगेच धारेवर धरणे चूक ठरेल. शेणाला चिकटलेली माती हाही एक भाग असतोच. तो ओळखायला त्याच नमुन्यात टायटॅनियम मोजतात. उलट बेसाल्टमध्ये शिसे फार थोडे असते. त्यामुळे इथे शिशाचा आकडा वर गेला तर बोट बाहेरच्या स्रोताकडे जाते.

मेलेल्या जनावराची वाट पाहायचीही गरज नाही. सांबराची शिंगे साधारण दरवर्षी गळतात, पुन्हा वाढतात आणि वाढताना शिसे हाडात साठवतात, म्हणजे एक शिंग हा जवळपास एका हंगामाचा हिशेब. युरोपात हरणांच्या गळालेल्या शिंगांवरून असे काम झाले आहे. नीलगाय आणि चौशिंग्याची शिंगे गळत नाहीत, तिथे हा उपाय नाही. गस्तीवर वनरक्षकाला शिंग दिसले की ठिकाण नोंदवून वनविभागानेच त्यातून चिमूटभर भुकटी छिद्रकाने काढावी. उशीर केला तर सायाळ कुरतडून टाकते. पिसांतून पारा पाहणार असाल तर हतनूरला येणाऱ्या पाहुण्या बदकांची पिसे घेऊ नका. पीस जिथे उगवले तिथला पारा त्यात असतो, आणि तो सायबेरियातलाही असू शकेल. इथेच अंडी घालणाऱ्या पाणकावळ्याच्या पिल्लांची पिसे, अर्थात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने, खरे सांगतील.

यावल, जळगाव आणि धुळे वनविभागांकडे मागणे थोडके आहे. शवविच्छेदनाच्या पेटीत चार पॉलिथिन पिशव्या व एक सिरॅमिक सुरी ठेवावी, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या फ्रीझरमध्ये एक कप्पा राखावा आणि मागणीपत्राच्या नमुन्यात ही ओळ छापूनच घ्यावी : ‘यकृत व मूत्रपिंडातील शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, निकाल ओल्या वजनावर, रिकाम्या पिशवीच्या निकालासह.’

– एक पशुवैद्यक, जळगाव जिल्हा