नाव काढले, घर राहिले

संपादक महोदय,

संगमेश्वर तालुक्यात मी 31 वर्षे आरोग्यसेविका होते. क्षयाच्या गोळ्या घेऊन किती वाड्या पायी तुडवल्या, त्याचा हिशेब नाही. एका बाईला मी गोळ्या भाताच्या बांधावर नेऊन देत असे. नर्सबाई रोज दारात दिसल्या, तर शेजारघरचे ताक-भाजीचे येणे-जाणे थांबेल, ही तिची भीती. सहा महिने तिने बांधावरच औषध घेतले आणि ती बरी झाली. तिच्या जावेला अजूनही त्याचा पत्ता नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील क्षयरुग्णांचा नकाशा व्हॉट्सअॅपवरून माझ्यापर्यंत आला. दर रुग्णामागे एक लाल ठिपका. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. खाली लिहिले होते, 'रुग्णांची नावे गोपनीय ठेवली आहेत.' मी बोटांनी नकाशा मोठा केला. ठिपका एका कौलारू घराच्या माथ्यावर, मागे विहीर, बाजूला फणस. त्या वाडीत घरे नऊ. नाव हवे कशाला? आमच्याकडे पत्ता असाच सांगतात, विहिरीवरचे घर, फणसाकडचे घर. आठवडाभरात त्या घरातील मुलांना शेजारच्या अंगणात कोणी खेळायला घेईना. त्यांच्या वडिलांचे औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते. योग्य औषध लागू पडले की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूपच कमी होतो. ठिपक्याला हे सांगता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 पासून ठिकाणांचीही नोंद अभ्यासकांना मिळते. तिथे घराचा बिंदू नसतोच, निवडलेल्या वस्तीचा मिळून एक असतो. तोही मुद्दाम सरकवतात: शहरात 2 किलोमीटरपर्यंत, खेड्यात 5 पर्यंत, आणि खेड्यातील शंभरात एक 10 पर्यंत. खेड्यात अंतर जास्त, कारण तिथे माणसाला लपायला गर्दी नाही. मुंबईच्या चाळीवर पडलेल्या ठिपक्याखाली शंभर बिऱ्हाडे असतात, आमच्या वाडीत एकच चूल.

गोळ्या पोहोचवणाऱ्या आशाताईला घर नेमके ठाऊक हवेच. सभेतल्या पडद्याला आणि ग्रामपंचायतीच्या ग्रुपला मात्र उपकेंद्राचा एकूण आकडा पुरे. रुग्ण एक-दोनच असतील, तर शेजारची उपकेंद्रे एकत्र करून आकडा द्यावा. एचआयव्हीबाधितांची ओळख संमतीवाचून उघड करू नये, असे 2017 चा कायदा सांगतो. क्षयरुग्णाच्या घराचे अक्षांश-रेखांशही तितक्याच काळजीने जपावेत, अशी माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे.

मी सांगितल्यावर तो नकाशा ग्रुपवरून काढला, पण तोवर तो पुढे गेला होता. त्या घरातील माणूस आता गोळ्यांसाठी जवळच्या उपकेंद्रात येत नाही. दिवसाची मजुरी बुडवून एसटीने देवरुखला जातो.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी