अण्णांचे बोट आणि एक ‘वेल’

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला चार महिने उत्तर गेले नाही, याचा दोष सर्वस्वी माझा आहे. माझी प्रकृती बरी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आज लिहायला बसलो तो माझ्या थोरल्या भावामुळे, अण्णांमुळे. त्यांच्या उजव्या पायाचे करंगळीशेजारचे बोट गेल्या महिन्यात काढावे लागले. ज्या इंग्रजी वाक्याने ते वाचू शकले असते, ते वाक्य त्यांना मराठीत सांगणारा मीच होतो. घरात हे कोणापाशी बोलता येत नाही. ‘मधुमेहाने बोट गेले, तू काय करणार?’ असे सगळे म्हणतात. एका ‘मस्ट’वरून माझ्याशी पहाटेपर्यंत भांडलेला माणूस एकच आहे, म्हणून हे तुला सांगतो.

अण्णांच्या बोटाला जखम झाली होती. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला, त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला आणि मी तो फोनवर त्यांना वाचून दाखवला. त्यातले वाक्य आता मला तोंडपाठ आहे: ‘इफ द ड्रेसिंग इज नेग्लेक्टेड, द इन्फेक्शन मे वेल स्प्रेड टु द बोन, अँड द टो वुड देन हॅव टु बी रिमूव्ह्ड.’ मी सांगितले, ‘ड्रेसिंगकडे दुर्लक्ष झाले तर संसर्ग हाडापर्यंत पसरू शकतो आणि बोट काढावे लागू शकते.’ अण्णा म्हणाले, ‘शकतो म्हणजे नाहीही पसरणार.’ ज्वारीची काढणी चालू होती, तालुक्याला जायचे तर अर्धा दिवस मोडत होता, आणि तीन आठवड्यांत ते ड्रेसिंगला दोनदाच गेले.

आता ते वाक्य तू तुझ्या पद्धतीने उलटून पाहा. नुसते ‘मे’ असते तर माझा ‘शकतो’ चालला असता. पण ‘मे’च्या मागे ‘वेल’ आले की शक्यता दाट होते. ‘पसरण्याची बरीच शक्यता आहे’ किंवा ‘पसरेल अशीच चिन्हे आहेत’ असे मी म्हणायला हवे होते. त्या ‘वेल’चा चांगलेपणाशी काही संबंध नाही, हे मी दहावीच्या मुलांना अठ्ठावीस वर्षे शिकवले. दुसरी चूक याहून मोठी आहे. ‘वुड देन’ यातला ‘देन’ सांगतो की पहिली गोष्ट घडली की दुसरीला पर्याय उरत नाही: संसर्ग हाडात गेला, की मग बोट काढावेच लागेल. डॉक्टरांनी एक शक्यता आणि तिला बांधलेला एक अटळ परिणाम लिहिला होता, मी त्या दोन्हींचे एकाच ‘शकते’मध्ये पाणी करून टाकले. अण्णांनी त्यातून ऐकले ते इतकेच, की शक्यतेवर आणखी एक शक्यता आहे, म्हणजे गोष्ट फारच लांबची आहे.

तुला आपले भांडण आठवत असेलच. तुझ्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षी तू भारतीय दंड संहितेचे कलम 300 घेऊन माझ्या खोलीत आला होतास. कृत्य इतके धोकादायक, की त्याने ‘मस्ट, इन ऑल प्रॉबॅबिलिटी, कॉज डेथ’ (सर्व संभाव्यता पाहता मृत्यू घडायलाच हवा), हे माहीत असूनही ते केले तर तो खून. तू म्हणालास की ‘मस्ट’ म्हटल्यावर संभाव्यतेचा प्रश्नच उरत नाही, म्हणजे 1860 साली कायदा लिहिणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हते. मी म्हणालो की दोन स्वल्पविरामांमधले ते शब्द ‘मस्ट’ला माणसाच्या ज्ञानाच्या मापात आणतात. मृत्यू येणारच हे देवाखेरीज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण समजत्या माणसाला दुसरा शेवट दिसू नये, इतके ते निश्चित असते. गर्दीवर भरलेली तोफ डागणाऱ्याचे त्याच कलमातले उदाहरण मी तुला तेव्हा दाखवले होते. तू मानले नाहीस आणि माझा टेबललॅम्प घेऊन गेलास, तो अजून परत आलेला नाही.

पुढे वकिली सुरू झाल्यावर तूच मला लिहिलेस की कलम 299 मधले ‘लाइकली’ (संभाव्य) आणि 300 मधले हे ‘मस्ट, इन ऑल प्रॉबॅबिलिटी’ यांच्यामधल्या फटीत माणसाचे उभे आयुष्य बसते. एका बाजूला सदोष मनुष्यवध आणि, हेतू नसून नुसती जाणीव असेल तर, जास्तीत जास्त दहा वर्षे, दुसऱ्या बाजूला जन्मठेप किंवा फाशी. मुंबई उच्च न्यायालयाचा 1876 चा गोविंदाचा खटलाही तूच मला वाचायला लावलास. अठरा वर्षांच्या नवऱ्याने बायकोला लाथ मारली, छातीवर गुडघा रोवून तोंडावर ठोसे मारले, ती मेली, आणि न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी ‘लाइकली’ आणि ‘निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी इजा’ यांतले अंतर मोजून तो खून नसल्याचे ठरवले. 2024 च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या कलमाचा क्रमांक 101 झाला, तरी ते स्वल्पविराम जागचे हललेले नाहीत. कोर्टात ज्या शब्दांवर इतका कीस पडतो, त्यांच्याच जातीचे दोन शब्द मी माझ्या भावाला सांगताना गाळले, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

मी गेले काही दिवस सारखा हा विचार करतो आहे की मराठीत हे सांगता येत नाही असे मुळीच नाही. आई पडवीतून ‘हळू, पडशील!’ म्हणायची, त्यात कोणतेही ‘मे’ नव्हते आणि कोणतेही ‘वेल’ नव्हते, तरी आपण जपून उतरत होतो. इंग्रजी ‘द वॉल वुड अदरवाइज हॅव फॉलन’ म्हणते तेव्हा ‘अदरवाइज’ क्रियापदांच्या मध्ये शिरते. आपण ‘नाहीतर’ वाक्याच्या तोंडाशी ठेवतो आणि उरलेले काम ‘च’कडून करून घेतो: नाहीतर भिंत पडलीच असती. त्यांचे ‘सर्टनली’, ‘इनेव्हिटेबली’, ‘देअरफोर’ साहाय्यक क्रियापदाला चिकटून बसतात, आपला जोर ‘च’, ‘मग’, ‘हटकून’ आणि ‘झाल्यावाचून राहणार नाही’ यांत असतो. मेसच्या काकू ‘दुसऱ्यांदा भात मिळेलच असे नाही’ म्हणाल्या होत्या, तेव्हा तू आशेने ताट धरून अर्धा तास बसलास, आणि ‘मिळणारच नाही’ म्हणाल्या त्या दिवशी मुकाट्याने उठलास. ‘विल नॉट नेसेसरिली’ आणि ‘कॅनॉट पॉसिब्ली’ यांतला फरक मी नंतर वर्गात तुझ्या त्या ताटावरूनच शिकवला. मुलांना तो एका तासात कळायचा.

मग त्या दिवशी फोनवर मला काय झाले? मी पुष्कळ आठवून पाहिले. मला अण्णांना घाबरवायचे नव्हते, हे खरे उत्तर आहे. ‘शकतो’ हा शब्द मऊ आहे, आणि मोठ्या भावाशी बोलताना मी मऊ शब्द उचलला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले, ‘ही कुड ईझिली हॅव लॉस्ट द फूट.’ ते मात्र मी अण्णांना जसेच्या तसे सांगितले: ‘पाऊल सहज गेले असते.’ इथे मराठीचा ‘सहज’ इंग्रजीइतकाच धारदार निघाला. अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘हे आधी असे का नाही सांगितलेस?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? नातीचे बारसे झाले असेल, मला फोटोही मिळाला नाही. तुझ्या घराच्या गच्चीचे काम पावसाआधी उरकून घे. मेच्या सुट्टीत येण्याचा विचार आहे, तेव्हा निवांत बोलू.

पण त्याआधी तुझ्याकडे एक काम आहे. कालच अण्णांचा नवा कागद आला आहे. त्यात लिहिले आहे: ‘द वूंड शुड देअरफोर हील, बट इट विल नॉट नेसेसरिली डू सो इफ द शुगर रिमेन्स हाय.’ ‘शुड’ इथे सक्तीचा नाही, अपेक्षेचा आहे, आणि मी जर ‘जखम बरी व्हायला हवी’ म्हणालो तर मराठीतल्या त्या ‘हवी’मधून अण्णांना ती जबाबदारी जखमेची वाटेल. ‘त्यामुळे जखम भरून येईल असे दिसते, पण साखर चढीच राहिली तर भरेलच असे नाही’ एवढे मी कागदावर उतरवले आहे. ‘भरेलच असे नाही’ पुरेसे कठोर आहे की त्यांना त्यातही काकूंचा भात ऐकू येईल, हे मला ठरवता येत नाही. रविवारी सकाळी मी त्यांना फोन करणार आहे. शनिवारी रात्री तू मला कर.

तुझा,
मास्तर