चि. पिंकीस

अनेक आशीर्वाद.

हुतात्मा एक्सप्रेस वेळेवर पोचली, असं तुझ्या आईकडून कळलं. मला मेसेज नव्हता. असू दे. फोनबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

कुर्डुवाडी स्टेशनावर गाडीत चढता चढता तू म्हणालीस, "पप्पा, तुम्ही पण आर्चीच्या बापासारखेच." चार दिवस तेच डोक्यात आहे. बापूकाकानं स्टँडवर तुला त्या मुलाशी बोलताना बघितलं, घरी येऊन सांगितलं आणि मी अंगणात उभा राहून ओरडलो. आळीनं ऐकलं. ते चुकलंच माझं. पण बापूचं डोकं कसं आहे ते तुला माहीत आहे, आणि पुण्यात तू एकटी, रात्रीबेरात्री... बघ, झालं माझं सुरू. राहू दे.

'सैराट' आपण बार्शीला बघितला. २०१६ चा मे महिना, तुझी तिसरीची परीक्षा नुकती झालेली. झिंगाट लागलं की पोरं पडद्यापुढं जाऊन नाचत होती, नाणी उधळत होती. जेऊरच्या नागराज मंजुळेंचा सिनेमा, करमाळ्याकडची रानं, आपलीच बोली. मला भावकीतल्या लग्नाला आल्यासारखं वाटत होतं. अकलूजची ती रिंकू राजगुरू, वय असेल चौदा-पंधरा, ट्रॅक्टर घेऊन निघाली आणि तू खुर्चीवर उभी राहून ओरडलीस, "पप्पा, मला पण!" त्या पावसाळ्यात तुला मांडीवर बसवून स्टेअरिंग हातात दिलं. तू बांधच उकरलास. आण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मी मात्र चावडीपर्यंत सांगत फिरलो, पोरगी ट्रॅक्टर चालवते म्हणून.

शेवटी सगळं संगीत थांबतं आणि ते बाळ तेवढं रडत बाहेर येतं, लाल पावलांनी. मघाशी नाचणारी पोरं मान खाली घालून निघाली. येताना गाडीवर मागून तू विचारलंस, "बाळ आता कुणाकडं राहणार?" खड्डे चुकवतोय असं दाखवून मी गप्प बसलो.

तुला वाटतं मी आर्चीच्या बापाच्या, त्या तात्याच्या बाजूचा. मला त्यात सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? आर्चीनं आईला फोन केला, त्याची. हैदराबादेत बस्तान बसलेलं, लेकरू झालेलं, सुखात होती. माहेरची आठवण आली म्हणून फोन लावला. मग भाऊ आला, आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन. तिनं त्यांच्यासाठी चहा टाकला.

सुमीआत्याचं पत्र आलं होतं, तेव्हा आण्णांनी ते न फोडता चुलीत घातलं. मी समोर बसून चहा पीत होतो. तेवीस वर्षांचा घोडा. जागचा हललो नाही. कप खाली ठेवला नाही.

त्या मुलाचं नाव मी विचारणार नाही. आडनाव तर नाहीच. (आई विचारील. तिला सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही आणि बापूची बायको रोज दुपारी येऊन बसते.) अभ्यास कर, बारावीला केलास तसा. कॉलेजचे फॉर्म तूच भरलेस, रांगेत तूच उभी राहिलीस, मी नुसता पिशवी धरून होतो. तेव्हा तुला शिकवणारा मी कोण? तरी सांगतो, घाई करू नकोस. आणि काही झालंच, काहीही, तर आधी मला कळव. बापूकडून कळायला नको.

डब्यातले शेंगदाण्याचे लाडू एकटीनं खाऊ नकोस, खोलीतल्या मुलींना दे. पैसे एक तारखेला टाकतो.

फोनचं तेवढं बघ. बापू दहाला झोपतो. त्यानंतर फोन माझ्या उशाशीच असतो.

तुझे
पप्पा