खासगी तळ्यांच्या सांडव्यांकडे कोण पाहणार?

महोदय,

मावळात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एका रिसॉर्टच्या मालकाने ओढा अडवून मातीचा बांध घातला आहे. नौकाविहार आणि गळ टाकून मासे पकडणे, एवढाच त्या तळ्याचा उपयोग. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेली असल्याने परवा मी तो बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहिला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या, म्हणजे तळ्यातले जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेच्या, तोंडाशी लोखंडी चौकटीत बारीक जाळी ठोकली आहे. वळवाच्या एकाच सरीत तिला गवत, सागाची पाने आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटून निम्मी वाट बुजली होती. खालच्या उतारावर घाणेरी माजली आहे. पायथ्याशी झिरपणारे पाणी अजून स्वच्छ आहे, हाच काय तो दिलासा. ते गढूळ येऊ लागले, तर बांधाची माती आतून वाहू लागली असे समजावे लागते.

ती जाळी पाहताच मला अमेरिकेतील साउथ फोर्क धरण आठवले. पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यासाठी बांधलेले हे ७२ फूट उंचीचे मातीचे धरण पुढे एका खासगी क्लबच्या हाती आले आणि अँड्र्यू कार्नेगी यांच्यासारखे धनिक तेथे विहाराला येऊ लागले. बग्ग्यांना रस्ता हवा म्हणून धरणाचा माथा खाली घेण्यात आला आणि सांडव्यावर माशांसाठी जाळ्या बसवण्यात आल्या. तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून टाकले होते, ते क्लबने पुन्हा बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत जाळ्यांशी कचरा तुंबला, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि धरण फुटून खालच्या जॉन्सटाउन परिसरातील २,२०० हून अधिक माणसे मेली. दगडी किंवा काँक्रीटचे धरण माथ्यावरून गेलेले पाणी काही काळ सोसते. मातीचे धरण सोसत नाही, ते खालच्या उतारापासून कापले जाते. म्हणूनच मातीच्या बांधाचा जीव त्याच्या सांडव्यात असतो.

आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा, २०२१ मध्ये झाला; पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. आमच्या ओढ्यावरचा सात-आठ मीटरचा बांध त्यात बसत नाही, आणि त्याच्या खाली अर्ध्या किलोमीटरवर वस्ती आहे. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथे २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटले, तेव्हा वाहून गेली तीही धरणाखालचीच घरे होती. ते धरण सरकारी होते, निदान दाद कोणाकडे मागायची हे ग्रामस्थांना ठाऊक होते. आम्हाला तेही ठाऊक नाही: तलाठी म्हणतात जमीन खासगी आहे, मालक म्हणतात बांध लहान आहे.

जिल्हाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की करमणुकीसाठी घातलेल्या अशा प्रत्येक बांधाची, उंची न पाहता, खाली वस्ती आहे की नाही हे पाहून नोंद व्हावी आणि मृगाआधी अभियंत्याकडून पाहणी व्हावी. तळे रिकामे करता येईल असा तळाचा नळ मालकाने स्वखर्चाने बसवावा. सांडव्यावरील जाळी मात्र पाहणीची वाट न पाहता आजच काढता येते. त्याला दोन माणसे आणि एक पान्हा पुरे.

– एक निवृत्त शाखा अभियंता, मावळ