जुन्या क्लिपांमधला कोपऱ्यातला लोगो कापू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

टीव्हीवरच्या जुन्या कार्यक्रमांच्या क्लिपा हल्ली सगळीकडे फिरतायत, व्हॉट्सॲपवर येतात, यूट्यूबवर दिसतात, लोकं आवडीने बघतात आणि ते चांगलंच आहे. पण बऱ्याच क्लिपांत कोपऱ्यातला चॅनलचा लोगो एकतर कापलेला असतो, नाहीतर त्याच्यावर धुरकट पट्टी मारलेली असते, नाहीतर त्याच्या डोक्यावर आजचा नवीन लोगो बसवलेला असतो. हे थांबायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मी सोलापुरात लोकांच्या व्हीएचएस कॅसेटी पेनड्राइव्हवर काढून द्यायचं काम करतो. लग्न, मुंज, बारसं असल्या कॅसेटीच जास्त येतात, पण पूर्वी लोकं त्याच कॅसेटवर टीव्हीवरचं पण रेकॉर्ड करायचे, त्यामुळे लग्न संपलं की मध्येच एखादी बातमी नाहीतर अर्धी मालिका सुरू होते. अशीच एक कॅसेट आली होती, तिच्यात घरातले आजोबा पांढऱ्या बाराबंदीत सिद्धेश्वरांच्या यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलत चाललेत आणि ते बातम्यांत दाखवलेलं. आजोबा आता नाहीत, साल कुणालाच आठवेना, कॅसेटवरचं लेबल केव्हाच उडालेलं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात अल्फा मराठीचा लोगो स्पष्ट होता. अल्फा मराठी सुरू झालं १५ ऑगस्ट १९९९ ला आणि मार्च २००५ मध्ये त्याचं झी मराठी झालं, आणि आपली सिद्धेश्वरांची यात्रा तर जानेवारीतच, संक्रांतीला. म्हणजे २००० ते २००५ या सहा यात्रांपैकीच ती एक. मग आजींनी सांगितलं की थोरल्या नातवाचं जावळ त्याच वर्षी काढलं होतं, आणि साल नक्की झालं. लोगो कापलेला असता तर हे कळलंच नसतं.

म्हणून म्हणतो, चॅनलला तो लोगो म्हणजे जाहिरात वाटत असेल, पण जुन्या चित्रणावर तो तारखेचा शिक्का आहे.

आता दूरदर्शनच्या आपल्या सह्याद्री वाहिनीचंच घ्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा कोपऱ्यात आजच्यासारखा कायमचा लोगो नसायचा, पुढे काही वर्षांनी ओळख म्हणून दोन कार्यक्रमांच्या मध्ये ते फिरत फिरत जुळणारं डोळ्यासारखं चिन्ह यायचं आणि ती धून वाजायची. ते चिन्ह काढलं देवाशिष भट्टाचार्य यांनी, अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना, आणि ते पडद्यावर हलतं केलं तिथल्याच आर. एल. मिस्त्रींनी, चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून फिरवत फिरवत. कॉम्प्युटर वगैरे काही नाही, सगळी हाताची मेहनत! धून पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची. मग १९९४ मध्ये उपग्रहावरनं मराठी चॅनल आलं, त्याला डीडी टेन म्हणायचे, आणि २००० साली त्याचं सह्याद्री झालं. त्याच्यानंतर लोगोचा रंग, आकार, अक्षरं परत परत बदलली, पण कुठला लोगो कधीपासून कधीपर्यंत होता आणि तो काढला कुणी, हे सामान्य माणसाला एका जागी बघायला मिळत नाही. ते डोळ्याचं चिन्ह काढणाऱ्याचं नाव तरी माहीत आहे, मग आपल्या सह्याद्रीची अक्षरं ज्या कलाकारांनी काढली त्यांची नावं पण लोकांना कळायला नकोत का?

सोलापुरात तर याची अजून एक गंमत आहे. आपल्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू चालतं, तिथं तेलुगू चॅनल ईटीव्ही आधीपासूनच बघायचे, मग जुलै २००० मध्ये ईटीव्ही मराठी आलं तेव्हा ते नाव काय कुणाला परकं वाटलं नाही. पुढे २०१५ मध्ये मराठीचं कलर्स मराठी झालं आणि तेलुगू मात्र ईटीव्हीच राहिलं. एकाच घरातल्या एकाच कॅसेटवर ही दोन्ही सापडतात आणि त्यावरनं त्या घरात काय काय बघायचे ते पण कळतं.

लोगो जातो कसा तेही सांगतो. जुना टीव्ही चौकोनी, म्हणजे चारास तीन, आणि आताचा लांबट, सोळास नऊ. जुनं चित्र लांबट पडदा भरून दिसावं म्हणून वरनं खालनं कापतात, वर कोपऱ्यातला लोगो जातो आणि खाली बातमीची पट्टी पण जाते, ज्याच्यात गावाचं नाव असतं, बोलणाऱ्याचं नाव असतं. काहीजण कापत नाहीत तर आडवं ताणतात, मग गोल लोगो अंड्यासारखा दिसतो आणि माणसं बुटकी जाडी. दोन्ही बाजूला काळी पट्टी राहिली तर राहू द्या की, काय बिघडतं!

सह्याद्री वाहिनीला आपल्या पेपरमार्फत माझी विनंती आहे की १९७२ पासूनची सगळी बोधचिन्हं, मधल्या धून, कार्यक्रम सुरू होतानाच्या पाट्या हे सगळं सालानुसार आणि कलाकारांच्या नावासकट यूट्यूबवर टाकावं, आणि जुना कार्यक्रम परत दाखवताना नवीन लोगो जुन्याच्या डोक्यावर न बसवता दुसऱ्या कोपऱ्यात लावावा. खाजगी चॅनलांनी पण हे करावं, त्यांचं पण वय आता पंचवीसच्या पुढं गेलंय.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर अजून कॅसेटी पडल्यात त्यांनी त्या भंगारात देऊ नका. कॅसेटच्या खिडकीतनं टेपवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये तशीच घालू नका, टेप वाचणाऱ्या हेडला घाण लागते आणि टेप पण खराब होते, आधी साफ करून घ्या. आणि कॉपी काढायला द्याल तेव्हा पुढचं मागचं काही कापू नका, आहे तसं पूर्ण काढा, असं दुकानदाराला स्पष्ट सांगा.

आपला एक वाचक,
नवी पेठ, सोलापूर