विचारणे ही पहिली तपासणी

संपादक महोदय,

रुग्णाची संमती, खासगीपणा आणि सुरक्षितता हे परिचर्येतले तीन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. वॉर्डात घाई झाली की पहिल्या दोन्हींना कात्री लागते. ते केवळ सौजन्य आहे, असे मानले जाते. हा समज घातक आहे.

इन्सुलिनचेच पाहा. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारले तर गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण कोणत्याही नावाला मान डोलावतो. म्हणून पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून ऐकावी आणि मनगटावरच्या पट्टीशी व औषधपत्रकाशी ताडून पाहावी. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, खाटा बदलतात. मग औषध कोणते, किती युनिट, कशासाठी हे सांगून ‘देऊ ना?’ असे विचारावे. नेमक्या याच वेळी रुग्ण सांगतो, ‘मला आज उपाशी ठेवलंय,’ किंवा ‘आत्ताच दुसऱ्या सिस्टरनी दिलं.’ न विचारता टोचले तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. सिरिंजही तपासावी: मिलीलिटरला १०० युनिट असलेले इन्सुलिन मिलीलिटरला ४० युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंजने खुणेप्रमाणे भरले, तर डोस अडीचपट जातो. पत्रकावर सही औषध दिल्यानंतरच करावी.

खाटेभोवतीच्या पडद्याने दिसणे थांबते, ऐकू येणे नाही. दारूची सवय किंवा गर्भधारणेची शक्यता नातेवाइकांसमोर विचारली की उत्तर बहुधा ‘नाही’ येते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या ४८ तासांत आकडीचे झटके येऊ शकतात. माहितीच नसेल तर लक्ष कोण ठेवणार? नातेवाइकांना पाच मिनिटे बाहेर थांबवून, हळू आवाजात विचारावे.

दाखल होतानाची सही म्हणजे पुढच्या प्रत्येक नळीला आणि सुईला होकार नव्हे. शुद्धीवर असलेल्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढाऐवजी मुलाने ‘करा’ म्हटलेले पुरत नाही. नकार आला तर कारण विचारावे, परिणाम समजावून सांगावा, डॉक्टरांना कळवावे, वेळेसह नोंद करावी. दटावून घेतलेला होकार ही संमती नाहीच.

या विचारपूस-पडताळणीला प्रत्येक खाटेपाशी काही मिनिटे लागतात. रुग्णालय व्यवस्थापनांनी ती ड्युटीच्या हिशेबात धरावीत आणि औषधे वाटत असलेल्या परिचारिकेला मध्येच फोन घ्यायला किंवा फाइल शोधायला पाठवू नये.

– रुग्णसेवेतील परिचारिका