आई-बाबा, या वेळी झोपून या

फ्रँकफर्ट,
2 फेब्रुवारी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

माझ्या विमानप्रवासाच्या मैलांवर तुमची इकडे यायची तिकिटं काढली, ही बातमी रविवारी फोनवर सांगितली आणि बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. मग म्हणालात, "जपून ठेव ना ते मैल, पुढे तुमच्याच कामी येतील." मागून आईने विचारलं, "रद्द होतं का गं ते?" मला नीट उत्तर देता आलं नाही, उलट आवाज चढला. त्याचं दोन दिवस वाईट वाटतंय. म्हणून हे पत्र. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही आलात ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काचेचं दार उघडलं, आधी बाबा दिसले, दोन्ही हातांत सामान. मागून आई. तिच्या पायात नुसते मोजे होते. चप्पल पिशवीत होती, कारण पाय सुजून चपलेत जातच नव्हते. अख्खं विमानतळ ती मोज्यांवर चालत आली होती. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, थोडं अवघडलं." बाबा, तुम्ही तर काही बोललाच नाहीत. आईला दोन खुर्च्यांवर पाय पसरता यावेत म्हणून तुम्ही नऊ तासांतला बराचसा वेळ मागच्या बाजूला उभं राहून काढलात, हे मला तिच्याकडून आठ दिवसांनी कळलं. त्या दिवशी मी ठरवलं होतं की पुन्हा याल ते आडवं होऊन याल.

तेवढे पैसे माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि खरं सांगायचं तर आजही नाहीत. पुढच्या वर्गाच्या, म्हणजे बिझनेस क्लासच्या, दोन तिकिटांत आपल्याकडे बऱ्यापैकी मोटारसायकल येते. पण मैल होते.

बाबा, तुम्ही मला पासाची भाषा शिकवली आहे, त्याच भाषेत सांगते. रेल्वे जसा नोकरीबद्दल पास द्यायची, तशी विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशाला मैल देते. ही रीत 1981 साली अमेरिकेत अमेरिकन एअरलाइन्सने रुळवली, मग सगळ्यांनी उचलली. पूर्वी जितकं अंतर उडाल तितके मैल मिळायचे. इथल्या लुफ्तान्साच्या योजनेत, तिचं नाव माइल्स अँड मोअर, 2018 पासून ते तिकिटाच्या किमतीवर मिळतात. नाव तेवढं मैलांचं राहिलं. मला ऑफिसच्या कामासाठी सतत जावं लागतं आणि ती तिकिटं ऐनवेळी काढलेली, महागडी असतात. त्यामुळे माझ्या खात्यात भर पडत गेली. पुरेसे मैल साठले की त्यांवर तिकीट काढता येतं. मात्र विमानतळाचे कर आणि कंपनीचे अधिभार रोख भरावे लागतात. ते मी भरले. आकडा सांगत नाही, तुम्ही रात्रभर हिशोब करत बसाल.

आता तुमचा खरा प्रश्न. तो तुम्ही रविवारी अर्धाच विचारलात, पण मला कळला. प्रवास कंपनीच्या कामाचा, तिकीट कंपनीच्या पैशाचं, मग मैल तुझे कसे? बाबा, हा प्रश्न तुम्हीच विचारणार हे मला माहीत होतं. पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढून घरात रेल्वेची एक सुतळी आणली नाही तुम्ही. शेजारच्या काकांनी भाचीला आपल्या पासावर माझ्या नावाने न्यायला सांगितलं होतं, तेव्हा त्यांच्याशी वर्षभर अबोला सोसलात पण नाही म्हणालात. मी तेव्हा सातवीत होते आणि मला तुमचा राग आला होता.

तर ऐका. इथे हा प्रश्न थेट कोर्टात गेला होता. 2006 साली एरफुर्टच्या केंद्रीय कामगार न्यायालयाने निकाल दिला की ऑफिसच्या प्रवासात मिळालेल्या मैलांवर मालकाचा हक्क आहे, तो मागू शकतो. म्हणजे तुमची शंका रास्तच आहे, कायदा तुमच्या बाजूने आहे. म्हणून मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच विचारलं होतं आणि आमच्या कंपनीने लेखी कळवलं आहे की कर्मचाऱ्याने ते स्वतःसाठी वापरायला तिची हरकत नाही. तो कागद माझ्याकडे आहे. आलात की दाखवते.

आणि पास दुसऱ्याच्या नावावर चालत नाही तसं इथे नाही. मैल विकायला सक्त मनाई आहे. पण ते खर्चून आई-बाबांच्या नावाचं तिकीट काढायला परवानगी आहे, तसं नियमातच आहे. तिकिटावर तुमची स्वतःची नावं आहेत, पासपोर्टवर आहेत तशीच. कुणाच्या नावाने कुणी जात नाहीये.

राहिला जपून ठेवण्याचा मुद्दा. बाबा, तुम्ही डिसेंबर लागला की उरलेला पास काढायला धावायचात, आठवतं? वर्ष सरलं की तो पास बुडाला. त्याच धावपळीत आपण रामेश्वरला गेलो, नाहीतर तुम्ही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहिला असतात. माझे मैलही तसेच आहेत. मिळाल्यापासून 36 महिन्यांत वापरले नाहीत तर बाद होतात. विमान कंपनीचं ठराविक दर्जाचं कार्ड असेल तर वाचतात, पण माझ्याकडे ते नाही. पहिले आले होते त्यांची मुदत या उन्हाळ्यात भरते आहे.

मुदतीपेक्षाही वाईट गोष्ट वेगळीच आहे. बँकेतला रुपया निदान रुपया राहतो. मैलाची किंमत कंपनी ठरवते आणि तिला वाटेल तेव्हा बदलते. माझ्यावर हे एकदा आलेलं आहे. तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या एका कंपनीचे मैल मी चार वर्षं साठवले होते, तुमच्या दोघांसाठीच. थोडेच कमी पडत होते. एका प्रवासात ते भरून निघाले असते. त्या आधीच पत्र आलं की अमुक तारखेपासून त्याच जागेला इतके जास्त मैल लागतील. मी पुन्हा मागे पडले, आणि हळूहळू मुदत संपून सगळेच गेले. मी तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले होते. मैलांसाठी नाही. तुम्हाला न्यायचं राहून गेलं म्हणून.

आणि कंपनीच उडायची थांबली तर? जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 ला उडालं, हे तुम्ही पेपरात वाचलं होतं. खात्यात मैल असलेल्या लोकांना त्या रात्रीनंतर त्या विमानांत बसायचं राहिलंच नाही. बाबा, सावदा-रावेरहून केळी दिल्लीला जायची तेव्हा तुम्हीच म्हणायचात की वॅगन उशिरा लागली तर शेतकऱ्याचं सगळं गेलं, केळी काही गोदामात ठेवायचा माल नाही. मैल गोदामात ठेवायचे नाहीत, बाबा.

ठेवायला नको असं माझं दुसरंही कारण आहे, आणि तेच मोठं आहे. आईच्या गुडघ्याला आज जिना चढता येतो. तुमची शुगर आज आटोक्यात आहे. पुढच्या वर्षी माझे मैल वाढलेले असतील हे खरं, पण मला ते कुणासोबत मोजायचे आहेत?

ही दोन तिकिटं मिळवायला मला सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत वेळ लागला. रेल्वेत जशा पासधारकांना काही गाड्यांत ठरावीक जागाच देतात, तसंच इथे आहे. प्रत्येक विमानात मैलांवर द्यायच्या जागा थोड्याच उघडतात आणि कधी उघडतील याला वेळापत्रक नाही. काही वर्षभर आधी दिसतात, काही निघायच्या थोडे दिवस आधी. मी रोज झोपताना आणि उठल्यावर बघायचे. एक जागा कितीदा तरी दिसली. दोन दिसत नव्हत्या, आणि तुम्हाला वेगवेगळ्या दिवशी आणायचं नव्हतंच, आई एकटी विमानात बसणार नाही. तेवढ्यात एका गुरुवारी पहाटे साडेपाचला, बाहेर अंधार, बर्फ पडत होता, चहा गॅसवर, आणि फोनवर आलं, मुंबई ते फ्रँकफर्ट, 9 मे, पुढचा वर्ग, दोन. बोट थरथरत होतं. आधी नावाचं स्पेलिंग पासपोर्टच्या फोटोवरून तीनदा तपासलं, मग बटण दाबलं. चहा उतू गेला. परतीचं दोन दिवसांनी मिळालं, 25 जुलै. म्हणजे आईने काळजी करू नये, श्रावणात कानबाई बसते तेव्हा तुम्ही भुसावळच्या घरात असाल.

बाबा, तुमच्या समाधानासाठी तपासायला दोन गोष्टी पाठवते. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो, विमानाचा सहा अक्षरांचा, त्यात आकडेही असतात. पण नुसता पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. तिकिटाचा वेगळा तेरा आकडी नंबर असतो, लुफ्तान्साचा 220 ने सुरू होतो. तो आला तरच समजायचं पक्कं. दोघांचेही आले आहेत. वेटिंग नाही, आरएसी नाही, कन्फर्म आहे. आणि आई, हो, रद्द होतं, फी कापून मैल परत येतात. पण तू तसं करायला सांगू नकोस.

विमान मध्यरात्रीनंतरचं आहे. तिकिटावर 9 तारीख दिसेल, पण विमानतळावर पोचायचं 8 च्या रात्री. 9 च्या रात्री गेलात तर ते गेलेलं असेल. जळगावहून मुंबईला विमानाने यायचा विषय समीरने काढला होता. आपल्या जळगावच्या विमानतळावरून 2017 च्या डिसेंबरात उडान योजनेत मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा तुम्ही बघायला गेला होतात, मला फोटो पाठवला होता. पण ती सेवा मध्येच बंद पडली, पुन्हा सुरू झाली, असं तिचं चालतं. शिवाय दोन वेगळी तिकिटं असली की छोटं विमान चुकल्यावर मोठं थांबत नाही, मोठ्यावर मग हक्कही राहत नाही. तुम्ही रेल्वेनेच या, 7 तारखेला कल्याणला काकूंकडे उतरा, एक दिवस आराम करा.

आई, तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. "मी काय आजारी आहे का" असं म्हणशील, माहीत आहे. फ्रँकफर्टला चालायचं अंतर आपल्या घरापासून स्टेशनपर्यंत असतं तेवढं आहे आणि ती खुर्ची फुकट असते, कुणाचा हक्क मारून बसत नाहीस. सगळेच घेतात. जेवण शाकाहारी भारतीय सांगितलं आहे. जागा पूर्ण सपाट होते, अंगावर पांघरूण असतं, उशी असते. बटण समजलं नाही तर हात वर करून बोलाव, त्या मुली खूप चांगल्या असतात.

व्हिसाचे कागद या महिन्यात पाठवते. तुमचे बोटांचे ठसे तीन वर्षांपूर्वी दिलेले आहेत, ते 59 महिने चालतात, त्यामुळे बहुधा पुन्हा नको. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो, तो मी काढते आहे.

सामानाचं एक. आई, या वेळी तूप आणू नकोस, पेढेही नकोत. युरोपात बाहेरून दुधाचं काही आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात आणि तुला वाईट वाटेल. भरताची वांगीही नकोत, भाज्या-फळांना तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. पण काही फळं त्यातून सुटली आहेत आणि त्यांत केळी आहेत. मी दोनदा नियम वाचला, खरंच आहेत. तर मामाला सांग, निघायच्या दोन दिवस आधी रावेरहून एक कच्ची फणी काढून दे. कागदात गुंडाळ आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधे ठेव. कळण्याचं पीठ आण, बिबडेही चालतील.

बसायच्या जागा निवडताना मी आईला वाटेकडची दिली, गुडघ्यासाठी आणि रात्री उठायला. खिडकी बाबांना आली. बाबा, रामेश्वरच्या गाडीत, दिल्लीच्या गाडीत, कुठल्याच गाडीत तुम्ही कधी खिडकीशी बसला नाहीत, ती आमचीच असायची. पहाटे झोपमोड झाली तर पडदा थोडा वर करून बघा.

गुरुवारी फोन करा, पासपोर्ट समोर घेऊन. नावांची अक्षरं एकदा शेवटची जुळवून घेऊ.

तुमची,
मनू